पहिल्या दुकानापर्यंत

आमच्या घरात घारापुरीला जायचं ठरलं ते मोबाईलवरच्या एका व्हिडिओमुळे. माझ्या मुलीला जेवताना समोर काहीतरी हलतं लागतं. त्या दिवशी तिने लावलेल्या व्हिडिओत एक उत्साही पोरगा गेटवेवरून बोटीत बसून लेणी दाखवायला निघाला होता. स्वतःच्याच तोंडापुढे मोबाईल धरून तो अखंड बडबडत होता. पाणी झालं, पांढरे पक्षी झाले, धक्का झाला, छोटी आगगाडी झाली, मग पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं आली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचं मोबाईलकडे लक्ष आहे असं मला वाटलंही नव्हतं.

"थांबव, थांबव गो," त्या एकदम ओरडल्या. "मागं घे. अजून मागं. त्यो बघ."

त्या पोराच्या खांद्यामागे टोप्या टांगलेलं एक दुकान होतं आणि टोप्यांखाली एक म्हातारा बसला होता. दिसला न दिसला तोच पोरगा पुढच्या पायरीवर गेलासुद्धा. आईंनी ते परत लावायला सांगितलं, मग परत.

"त्यो माझा दादा," त्या म्हणाल्या. "म्हातारा झायला गो." आणि पदर डोळ्यांना लावायच्या ऐवजी त्यांनी पदराने मोबाईलची काच पुसली.

बाकी सगळ्यांना घारापुरी म्हणजे शाळेची सहल. आमच्या आईंचं ते माहेर. त्या बेटावरच जन्मल्या, तिथेच वाढल्या. ज्या तीन तोंडांच्या महादेवासमोर लोक देशोदेशींहून येऊन मान वर करून उभे राहतात, त्याच्यासमोर उन्हाळ्याच्या दुपारी बकऱ्या सोडून त्या झोपा काढत. "गार फरशी ती," त्या सांगायच्या, "आनि मोठा देव काय बोलत नाय." लग्न होऊन बेलवलीला आल्या तेव्हा इथे सगळी भातशेती होती. समुद्राच्या जागी त्यांना उल्हास नदी दाखवली गेली. ती त्यांना शेवटपर्यंत पसंत पडली नाही. "हिला ना भरती ना ओहोटी, ही काय नदी?" असं त्या म्हणायच्या. पुढे शेत गेलं, त्यावर बिल्डिंग आली आणि आमच्याच शेतावरच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आम्ही राहायला आलो. आई तरी म्हणायच्या, मी पान्यावरून आलेली बाय हाय.

आता एवढं प्रेम, तर मग जात का नव्हत्या? इथे माझं डोकं फिरतं. मी लग्न होऊन आले त्याच साली मामांच्या, म्हणजे आईंच्या ह्याच दादाच्या, मुलीची हळद होती. आमच्यात लग्नापेक्षा हळदीची धामधूम मोठी. त्या गर्दीत माझ्या सासऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं. दुसऱ्या पंगतीला बसवलं, वाढलंही, पण सासरे पानावरून उठले. आईही त्यांच्या मागोमाग उठल्या, दुसरं काय करणार? धक्क्यावर उभं राहून सासऱ्यांनी सांगून टाकलं की आता तुझा दादा मुऱ्हाळी म्हणून दारात येईल तेव्हाच माहेर. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला न्यायला येणारा माहेरचा माणूस, तो आल्याशिवाय लेकीने निघायचं नाही, ही जुनी रीत. तिकडे मामांनी सांगितलं, ती आपल्या पायांनी उठून गेली, आपल्या पायांनी येईल. झालं! दोघंही रीतीने वागत होते आणि दोघंही वाट बघत होते. एका पंगतीपायी!

सासरे कोरोनाच्या दिवसांत गेले. तेव्हा बोटीच बंद होत्या, कुणाला येता आलं नाही, आम्हीही कुणाला बोलावलं नाही. त्यानंतर मला वाटलं होतं की आता गाठ सुटेल. ज्यांचा मान राहिला होता ते माणूसच राहिलं नाही. पण आईंनी सासऱ्यांचा शब्द असा सांभाळला की सासऱ्यांनी स्वतः सांभाळला नसता. मी म्हटलं, नंबर मिळवते, फोन करा. त्यावर त्या म्हणाल्या, "फोन करून बोलवून घेनं म्हंजे मागून घेनं. मी मागनार नाय." नवऱ्याने म्हटलं, मी जाऊन मामाला घेऊन येतो. तर म्हणे, "तू गेलास म्हंजे मीच गेले."

व्हिडिओ बघितल्यापासून मात्र त्यांचं घरात लक्ष लागेना. दुपारी नातीला म्हणायच्या, ते टोप्यांचं लाव. ती लावून द्यायची. त्यांना त्या वर्षी हृदयाचा त्रास सुरू झाला होता. हृदय जेवढं पाणी उपसायला हवं तेवढं उपसत नाही, असं अंबरनाथच्या डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं होतं. दोन खोल्यांमधून चालल्या तरी भिंतीला हात लावून थांबायच्या. रोज सकाळी कामाला निघताना त्यांच्याकडे बघून मला एकच प्रश्न पडायचा. ह्या बाईने भावाला काचेतूनच बघायचं का?

सिंधी वस्तीतल्या कॅम्प पाचला आमचा शिवणकामाचा गाळा आहे. जीन्सला बटणं आणि चेन लावायचं काम मी आणि नवरा मिळून करतो. शेजारच्या गाळ्यात एक म्हाताऱ्या सिंधी काकी पापड घेऊन बसतात. मी त्यांच्यापुढे सासऱ्यांना, मामांना, मुऱ्हाळ्याला, सगळ्यांना शिव्या घालून मोकळी झाले. काकी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटी, तुम्हारे में तो बोट जाती है ना? मेरी माँ का गाँव उधर सिंध में रह गया. उधर तो बोट भी नहीं जाती. तू ले जा उसको." मी परत मशीनवर येऊन बसले, पण चेन वाकडी जायला लागली.

आणि तिथेच मला ती युक्ती सुचली. घरी गेल्यावर मी आईंना म्हटलं, "आई, तुम्ही माहेरी जाऊ नका."

"मी कुठं जातंव?"

"तेच म्हणते. माहेरी जाऊ नका, लेणी बघायला चला. गेटवेहून तिकीट काढून, चार लोक जातात तसं. तिकीट काढून जाणाऱ्याला मुऱ्हाळी लागत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. "मना तिकीट?" त्या म्हणाल्या. "माझे बापाचे घरी?" आणि आत जाऊन पडल्या. दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना मला ऐकू येईल इतपत म्हणाल्या, "लेनी बघायला कोनी पन जातं."

मग आमची तयारी सुरू झाली. मुलीने बोटीचं बघायचं, नवऱ्याने ओळखीच्या माणसाची गाडी सांगायची, मी डॉक्टरांना विचारायचं. डॉक्टर म्हणाले, बोटीत बसायला हरकत नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत. मी म्हटलं, तिथे खुर्चीत बसवून वर नेणारे लोक असतात. आईंनी ते उडवूनच लावलं. "वर कंला? मोठ्या देवाला मी किती येला बघितलाय. मना पयल्या दुकानापर्यंत जायचंय." व्हिडिओतून त्यांनी हिशोब लावून ठेवला होता. आगगाडी जिथे सोडते तिथून थोडं चाललं की टोप्यांचं दुकान लागतं. तिथून सावकाश जायचं, मान खाली घालून नाही आणि दुकानात बघूनही नाही.

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग काय? दादानं हाक मारली तर थांबेन. हाक मारली म्हंजे बोलावलंच नं? नाय मारली तर लेनी बघून आलो."

तोपर्यंत मला वाटत होतं की युक्ती माझी आहे. त्यांनी माझ्या युक्तीत शिरून स्वतःची वाट काढली होती, रीत न मोडता.

एकदा हे ठरल्यावर त्यांना नवीनच काळजी लागली, दादा ओळखेल का? त्या आरशासमोर जाऊन उभ्या राहायच्या. दात गेलेले, केस गेलेले, अंगावरचं मांस उतरलेलं. "तवा मी केवरी व्हते," त्या हाताने माप दाखवायच्या. नात म्हणाली, "आजी, तू बिनधास्त जा, मी मागून जोरात बोलते ना, आजी, बेलवली वापस कब जाना है? अपने आप समजेल त्यांना." त्यावर नातीला दम मिळाला. मागून बोलणं म्हणजेही मागणंच. शेवटी कपाटातून एक निळी साडी निघाली, बारीक किनारीची. त्या हळदीच्या आधीच्या भाऊबीजेला मामांनी घेतलेली. त्यानंतर ती अंगाला लागली नव्हती. त्या म्हणाल्या, तोंड नाय वलखलं तर लुगडं वलखेल. मी ती इस्त्री करून खुर्चीवर घालून ठेवली. कॅम्प दोनच्या बाजारातून मी त्यांच्यासाठी रबरी तळव्याच्या चपलाही आणल्या, धक्का निसरडा असतो म्हणून. "धक्क्यावर मी अनवानी धावलेय," असं मला ऐकवून त्यांनी त्या घालून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या.

आम्ही सोमवार ठरवला होता, कारण आमच्या गाळ्याला सोमवारी सुट्टी असते. शिवाय महादेवाचं दर्शन, वारही महादेवाचा, ह्याहून चांगला योग कुठला? अंबरनाथच्या शिवमंदिरात आम्ही सोमवारचे जातो, तिथे त्या दिवशी रांग लागते. घारापुरीचा महादेवच सोमवारी दार लावून बसेल, हे आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मुलीने आयत्या वेळी मोबाईलमधून डोकं काढून सांगितलं, "मम्मी, मंडे को केव्ज बंद. बोटीपण नाहीत."

मी तर कपाळावर हात मारला. महादेवाला सोमवारी सुट्टी! हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? आई मात्र हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत हसल्या.

"म्हायेराला कंची गो सुट्टी?" त्या म्हणाल्या. "लेन्यांना असल. गावाला बोट रोज जाते, मोऱ्याच्या बंदरावरून. आमचे लोक काय सोमवारी उपाशी बसतान?"

"मग मोऱ्याहूनच जाऊ या की," नवरा म्हणाला.

तर ते चालणार नव्हतं. त्या बोटीत सगळे ओळखीचे. बोट धक्क्याला लागायच्या आधी गावात बातमी, बाय न बोलावता आली. त्यांना परक्या लोकांच्या बोटीतूनच जायचं होतं.

मग त्याच आठवड्यातला बुधवार ठरला. नवऱ्याने काम देणाऱ्या शेठला सांगून बुधवारचं काम पुढे ढकललं. मला वाटलं होतं आई हिरमुसतील, पण त्यांना बुधवार उलट पसंत पडला. संध्याकाळी मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं गो. सोमवारी गेलो असतो तर वैनीनं म्हावरं कसं रांधलं असतं? बुधवारी मासे चालतान." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणजे हाक ऐकू आली होती, घरात जाऊन झालं होतं, वहिनीने पानही वाढलं होतं. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. मामांनी नाहीच हाक मारली तर ह्या बाईला परत बोटीत कशी बसवू, ह्याची भीती.

रविवारी त्यांनी एक पिशवी बांधली. सोललेले वाल उन्हात वाळवून, निवडून, फडक्यात गाठ मारून पिशवीत भरले. बेटावर वाल कमी, पूर्वी माहेरी जाताना त्या हेच न्यायच्या. मी म्हटलं, "आई, लेणी बघायला जाणारं माणूस वाल घेऊन जातं का?"

"भूक लागली तर?" त्या म्हणाल्या.

"कच्चे वाल?"

"तू गप ऱ्हा," त्या म्हणाल्या आणि पिशवी चपलांच्या शेजारी ठेवली.

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं दम लागला असेल. मी कप खाली ठेवला, हाक मारली, खांद्याला हात लावला. त्या तशाच एका बाजूला कलल्या. ज्या सोमवारी आम्ही जाणार होतो तोच हा सोमवार. मला रडू नाही आलं आधी, राग आला. दोन दिवस! दोनच दिवस थांबायचं होतं त्यांना, आणि इतकी वर्षं थांबलेली बाई ती. मी खाली बसून त्यांच्या पायातली नवी चप्पल काढली. ती त्यांनी सकाळी का घातली होती, कुणास ठाऊक. मग मात्र मला आवरेना.

आमच्यात बाई गेली की माहेरची माणसं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. शेवटची साडी माहेरची असते, ती अंगावर पडल्याशिवाय तिला निघता येत नाही. नवऱ्याने मोऱ्याच्या एका नातेवाइकाकडून मामांचा नंबर मिळवला आणि निरोप दिला. पलीकडून फक्त "बरं" एवढंच ऐकू आलं, असं तो म्हणाला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. दुपार व्हायला लागली तशी जमलेली माणसं कुजबुजायला लागली. आज सोमवार, बोटी बंद, कुठून येणार? एक जण म्हणाला, चुलत माहेर आहे ना डोंबिवलीला, त्यांच्याकडून साडी घ्या. मी त्याला म्हटलं, "माहेराला सुट्टी नसते. थांबायचं." माझा आवाज असा लागला की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

मी आईंना ती इस्त्री केलेली निळी साडी नेसवली. दुसरं काही सुचलंच नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा गेटसमोर रिक्षा थांबली आणि मामा उतरले. व्हिडिओत दिसले त्यापेक्षा पुष्कळ म्हातारे होते. काखेत कापडी पिशवी, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजून वाळलेला. आई बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होत्या, बायका बाजूला सरकल्या. मामांनी कुणाकडे बघितलं नाही. ते आईंच्या पायाशी उभे राहिले, निळ्या साडीकडे बघत राहिले. आणि मग त्यांनी एकदम हाक मारली.

"बाय! बाय गो!"

चार भिंतींत मारायची हाक ती नव्हतीच. पाण्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला पोचवायची होती. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. मामांनी पुन्हा हाक मारली, आणि मग आवाज फुटला तसे ते तिथेच फरशीवर बसले. नवऱ्याने त्यांना धरलं. आणलेली साडी त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या साडीवर पसरली आणि सगळ्या काठांनी नीट केली.

आईंच्या दिवसकार्याला मामा पुन्हा आले. निघताना मी ती वालांची पिशवी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी गाठ सोडली, हात आत घातला.

"यंदाचे हान," ते म्हणाले.

"तुमच्या बायने भरून ठेवलेत. बुधवारी घेऊन येणार होत्या."

"ती येनार व्हती?"

मी सगळं सांगितलं. माझी काही चूक झाली असेल तर असो, पण ह्या माणसाला आता काही राखून सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. व्हिडिओ सांगितला, गेटवेची बोट सांगितली, चपला सांगितल्या. तिकिटाचं ऐकून त्यांनी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. मग मी सांगितलं की त्या पहिल्या दुकानापर्यंतच जाणार होत्या. दादाने हाक मारली तर थांबेन, असं म्हणाल्या होत्या.

मामा पिशवीला गाठ मारत होते. ती काही त्यांना नीट बसेना.

"मारली नं गो मी हाक," ते म्हणाले.